सेंटर हाफची डावी बाजू

"ऊठ. तू त्यांच्यातलीच ना? मग तूच सांग."

एवढं बोलून सरांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला आणि हात झटकले. मी उठले.

जिमखान्याची खोली होती ती. भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, कोपऱ्यात स्टिकांचा ढीग, बाकांवर आम्ही मुली. हंगामातली पहिली आंतरमहाविद्यालयीन हॉकी स्पर्धा आठवड्यावर आली होती. आमच्या गटात आणखी तीन कॉलेजं होती आणि सर एकेका संघाची माहिती देत होते. कॅम्पातल्या कॉलेजसाठी त्यांनी अर्धा फळा भरला. कोण कुठून धावते, पेनल्टी कॉर्नर कोण मारते, कोण लवकर दमते. दुसऱ्या संघाबद्दलही आदरानं बोलले. तिसरं नाव खडकीकडच्या कॉलेजचं. ते फळ्यावर लिहून त्यांनी खाली नुसती रेघ ओढली.

"ह्यांच्याबद्दल काय सांगायचं," सर म्हणाले. "पोटऱ्या सांभाळा, बास. तिकडे स्टिक हा शब्द अजून पोचलेला नाही. काठी म्हणतात तिला."

मुली हसल्या. मग त्यांना माझी आठवण झाली. मी खडकीची. त्या संघातल्या निम्म्या मुली माझ्या वस्तीतल्या.

मला खरंच वाटलं, सरांना माहिती हवी आहे. म्हणून मी नीट विचार करून सांगायला लागले. "सर, त्यांची सेंटर हाफ लई भारी हाय."

आधी कॅप्टन रेवती हसली. मग सगळ्या. सर हसले नाहीत. ते तसे कधीच हसत नसत. कोरड्या आवाजात म्हणाले, "लई भारी हाय. वा. म्हणजे आता दुभाषाही सोबत न्यायला लागणार." आणि खडू उचलून त्यांनी खडकीच्या नावापुढे तेच लिहिलं. लई भारी हाय. सुवाच्य अक्षरात. ते पुसलं नाही कुणी.

त्या दिवसापासून माझं नाव 'हाय' पडलं. व्हरांड्यात, कँटीनमध्ये, लायब्ररीच्या जिन्यावर संघातल्या मुली लांबून हात हलवायच्या. "हाय." ऐकणाऱ्याला वाटायचं, किती मैत्री. तक्रार कुणाकडे करणार? मुली मला बघून हात हलवतात, अशी?

आता मी हिंजवडीत नोकरी करते. सकाळी कंपनीच्या बसमधून उतरलं की दहाजण हात वर करून हाय म्हणतात. चांगली माणसं आहेत, त्यांचा काही दोष नाही. पण दिवसातल्या पहिल्या हायला माझे कान अजून तापतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघून घेते. हसतायत का.

माझे वडील लष्कराच्या मैदानावर माळी होते. गवत कापायचं, रोलर ओढायचा, सामन्याच्या आदल्या दिवशी चुन्याच्या रेघा मारायच्या. मी आणि शेजारची मंगल त्यांच्यामागे मैदानावर जायचो. गोलच्या मागे उभं राहून बाहेर गेलेले बॉल आणून द्यायचो. जवानांच्या मोडक्या स्टिका मिळायच्या, त्यांना सायकलची ट्यूब गुंडाळून आम्ही खेळायचो. कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं.

मंगलला लहानपणी गोवर निघाला होता आणि त्यात तिचा डावा डोळा गेला. वरून काही दिसायचं नाही, डोळा डोळ्यासारखाच. पण त्यात उजेड नव्हता. हे तिच्या आईला माहीत आणि मला. बाहेर कळलं असतं तर शाळेनं तिला खेळवलं नसतं आणि पुढे लग्नाचंही अडलं असतं, म्हणून घरात त्यावर बोलणंच बंद होतं. मंगल मान किंचित डावीकडे वळवून धावायची. लोकांना ती तिची ऐट वाटायची.

ती सेंटर हाफ, मैदानाच्या मधोमध खेळणारी, मी लेफ्ट हाफ. म्हणजे मी कायम तिच्या डाव्या हाताला. सामनाभर माझं तोंड चालू असायचं. "डावीकडं." "डावीकडं आली." "सोड, माझ्याकडं हाय." समोरच्या संघातल्या मुली मला रेडिओ म्हणायच्या. मंगलला तिकडचं जे दिसत नव्हतं ते ती ऐकायची. आम्ही शाळेकडून असंच खेळलो आणि राज्यापर्यंत गेलो.

बारावीनंतर मला शहरातल्या मोठ्या कॉलेजात खेळाच्या जागेवर प्रवेश मिळाला. फी माफ. तिथं नवी कॉम्प्युटर लॅब झाली होती, काचेच्या दाराची, चपला बाहेर काढून आत जायचं. त्यांना लेफ्ट हाफ हवी होती. मंगलला मार्क कमी, ती खडकीलाच राहिली. "जा की," ती म्हणाली होती. "तितं कॉम्प्युटर हाय. मला काय, मैदान हितंच हाय."

पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. बाकी काही नाही. त्या अच्छानंतर त्यांनी मला कधी नावानं हाक मारली नाही. ए. तू. खडकी. आणि आता हाय.

त्या हसण्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी मला मैदानावर बाजूला घेतलं. "तू राहतेस तिथेच ना? मग संध्याकाळी त्यांची प्रॅक्टिस बघ आणि सामन्याच्या आदल्या दिवशी सांग. तुला तिथं कोण अडवणार आहे." मग जरा थांबून, "रेवतीच्या वडिलांची सॉफ्टवेअर कंपनी आपल्याला किट देतेय, ठाऊक आहे ना? संघातल्या दोघींना ते त्यांच्या ट्रेनिंग बॅचला घेणार आहेत. अकरात असलीस तर तुझंही नाव पाठवू. बघ."

त्या काळात घरोघरी हेच बोलणं. कोण कुठल्या क्लासला गेलं, कोणाचा पोरगा अमेरिकेला गेला. सॉफ्टवेअर या शब्दाचा अर्थ वस्तीत कुणालाच माहीत नव्हता, पण तो शब्द काढला की आमचे वडील हातातलं काम थांबवून ऐकायचे.

मी प्रॅक्टिस बघायला गेले. सर म्हणाले म्हणून नाही, असं तेव्हा मी स्वतःला सांगत होते. मंगलला भेटून बरेच दिवस झाले होते.

मैदान पावसानं अजून मऊ होतं. मंगल मधे उभी राहून सगळ्यांना खेळवत होती. तिच्या डाव्या हाताला पहिल्या वर्षाची एक मुलगी होती, पायानं चपळ, पण तोंड मिटलेलं. मंगल दर थोड्या वेळानं मान वळवून बघत होती. आधीपेक्षा जास्त.

खेळ संपल्यावर ती ओढणीनं तोंड पुसत आली. "माहिती काढाय आलीस व्हय आमची?"

"सरांनी पाठवलंय," मी म्हणाले. तिच्याशी मला खोटं बोलता येत नव्हतं.

"मग सांग जा. सेंटर हाफ कुणाला भीत नाय म्हणावं." ती हसली. मग त्या मुलीकडे बघत हळू म्हणाली, "डावीकडची पोरगी बोलतच नाय गं. मुकी हाय का काय, कळंना."

"तिला सांग ना मग."

"काय सांगू? डोळा?"

आम्ही तिथंच चहा प्यायलो. पुढं ती या विषयावर काही बोलली नाही. मला तिनं 'सांगू नको' असंही म्हटलं नाही. तिला ते म्हणायची गरज वाटली नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी पुन्हा जिमखान्याची खोली. या वेळी टेबलावर नव्या जर्सींचा गठ्ठा होता, छातीवर कंपनीचं नाव. सर म्हणाले, "हं. आमचे गुप्तहेर आले. ये पुढे."

मी फळ्यापाशी गेले. त्यांचा गोलकीपर कसा आहे, कॉर्नरला कोण उभी राहते, हे समोर बसून बघणाऱ्या कुणालाही कळेल ते मी सांगितलं. तोलून मापून, शुद्ध भाषेत सांगितलं.

"ते झालं," सर म्हणाले. "ती सेंटर हाफ. तुमची लई भारी. तिची वीक साइड कुठली?"

मी पुन्हा त्यांच्या कॉर्नरबद्दल सांगायला लागले.

"लहानपणापासून बरोबर खेळलीस म्हणे. ती मान तिरकी का करते?"

सरांनी स्वतः जाऊन बघितलं होतं, किंवा कुणाला पाठवलं होतं. रेवती मागून म्हणाली, "सर, स्टाइल असेल ना. तिकडे सगळ्यांना हिरॉइन व्हायचं असतं." हसणं झालं.

"हे बघ," सर म्हणाले. आवाज अजिबात न चढवता. "तुला इथं घेतलं ते काय तुझ्या मार्कांवर नाही. तुम्हा लोकांना आत घ्यायचं म्हणजे आम्हालाही वर उत्तरं द्यावी लागतात. त्याचा काही उपयोग नको का व्हायला? सांग. काय आहे तिचं?"

तुम्हा लोकांना. आत. उपयोग.

मला तो क्षण अजून तुकड्यांत दिसतो. जर्सींच्या प्लास्टिकवरचा उजेड. फळ्यावरचं ते जुनं वाक्य, सरांच्या अक्षरातलं. कुणाच्या तरी बांगड्यांचा आवाज. आणि मग माझा स्वतःचा आवाज, शांत, जो मला परका वाटला.

"मला माहीत हाय," मी म्हणाले. "सांगणार नाय."

मुद्दाम म्हणाले. हाय. नाय. घरी बोलते तसं. या वेळी कुणी हसलं नाही.

सरांनी मान डोलावली, एखादं गणित सुटावं तशी. "म्हणजे आहे काहीतरी," ते म्हणाले. "बस."

मी बसले. आतून फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी नाही म्हणाले होते. सरांचे ते तीन शब्द माझ्या डोक्यात उतरायला दुसरा दिवस उजाडावा लागला. म्हणजे आहे काहीतरी. मी नाही म्हणताना त्यांना अर्धं सांगून टाकलं होतं.

अकरात माझं नाव नव्हतं. जर्सीही मिळाली नाही. मला पाण्याचा कॅन आणि लिंबाच्या फोडी सांभाळायला दिल्या.

पहिला अर्धा सामना मंगलचा होता. रेवतीकडे बाहेरून मागवलेली स्टिक होती, चकचकीत, पण मंगलनं तिला मैदानाच्या मधूनच पुढं सरकू दिलं नाही. खडकीनं एक गोल केला. सर बाजूरेषेवर हाताची घडी घालून उभे होते आणि बॉलकडे बघतच नव्हते. ते मंगलच्या मानेकडे बघत होते.

हाफ टाइमला सगळ्या त्यांच्याभोवती जमल्या. मी फोडी वाटत होते. सर म्हणाले, "तिला डाव्या डोळ्यानं दिसत नाही. माझी खात्री आहे. रेवती, आता सगळं त्या बाजूनं. आणि बॉलच्या मागे लागू नका. अंगावर जा."

"अंगावर म्हणजे, सर?" एकीनं विचारलं.

"खांदा द्या. कोण आलं हे तिला कळणारसुद्धा नाही." मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. "पाणी दे ना त्यांना. बघत काय उभी राहिलीस?"

मी पाणी दिलं.

दुसरा भाग सुरू झाला आणि रेवती मंगलच्या डाव्या बाजूनं निघाली. मंगलची मान वळायला उशीर झाला. एक धक्का बसला, ती तोल सावरून उभी राहिली. पंचाची शिट्टी नाही. पुन्हा तेच. तिच्या बाजूची ती पोरगी तोंड मिटून पळत होती.

मी कॅन खाली टाकला आणि बाजूरेषेवरून पळायला लागले. "मंगे, डावीकडं." घसा फाटेल असं ओरडले. "डावीकडं आली."

तिनं न बघता स्टिक आडवी घातली आणि बॉल काढून घेतला. तिला ऐकू आलं होतं. ती हसली, मला दिसलं. पुढचा काही वेळ आम्ही तसंच खेळलो, ती आत, मी बाहेर. माझ्या कॉलेजच्या मुली थांबून माझ्याकडे बघत होत्या. सर चालत माझ्यापर्यंत आले. "गप्प बस," ते म्हणाले. मी गप्प बसले नाही. मग ते आयोजकांच्या टेबलापाशी गेले. तिथला एक माणूस आला आणि म्हणाला, बाजूरेषेवरून खेळाडूला सूचना द्यायच्या नाहीत, नियम आहे. राखीव खेळाडूंपैकी दोघींनी माझे दंड धरले. मला फाटकाबाहेर काढलं आणि फाटक लावून घेतलं.

मी जाळीला धरून ओरडत होते. मधे अख्खं मैदान होतं, बघणाऱ्यांची गर्दी होती, ढोल चालू होता. माझा आवाज त्या ढोलातच अडकत होता.

मला जाळीतून दिसलं. मंगल बॉल घेऊन वळली. मान सरळ. ती माझ्या आवाजाच्या भरवशावर वळली होती. डावीकडून दोघी एकदम आल्या.

ती पडली आणि उठली नाही. ढोल थांबला.

गर्दी आत घुसली तशी मीही घुसले. तिचा खांदा भलत्याच ठिकाणी खाली आला होता, गळ्याचं हाड मोडलं होतं. ती रडत नव्हती. मी तिच्या तोंडाशी वाकले तर उजव्या डोळ्यानं माझ्याकडे बघून म्हणाली, "मधीच का थांबलीस गं?"

आम्ही तिला रिक्षात घातलं. फाटक लावलं होतं, मला धरून ठेवलं होतं, हे मी तिला नंतर सांगितलं आणि तिनं ते मान्यही केलं. पण ते वाक्य तिच्या तोंडून निघून गेलं होतं. ते माझ्याकडेच राहिलं. मीटिंगमध्ये बोलता बोलता मी अडखळते आणि ते ऐकू येतं. माझ्या लेकीशी फोनवर बोलताना रेंज जाते आणि ते ऐकू येतं.

सामना आमच्या कॉलेजनं जिंकला. दुसऱ्या दिवशी मी जिमखान्यात गेले आणि कॉलेजनं दिलेली स्टिक टेबलावर ठेवली. सर म्हणाले, "तुझ्यावर केलेल्या उपकारांची ही फेड."

"उपकार नव्हते," मी म्हणाले. "मी खेळत होते."

फी माफी गेली. घरी वडिलांना मी सांगायला लागले तर ते म्हणाले, "काय झालं ते कळलंय मला. आता शिकायचं का नाय, तेवढं सांग." मी शिकायचं म्हणाले. त्यांनी रविवारचीही कामं धरली. मी बस बदलत कॉलेजला जात राहिले, मैदानाकडे न बघता. पुढे एका गल्लीतल्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकले आणि हिंजवडीला लागले.

हाफ टाइमला सर काय बोलले, ते मी खडकीच्या सरांना जाऊन सांगितलं होतं. "पोरी, पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याचबरोबर खेळायचंय," ते म्हणाले. "खेळात लागतंच." मी परत आले. त्यानंतर कुणीच कुणाला सांगितलं नाही. मीही.

मंगलचं हाड वाकडं जुळलं. ती पुन्हा खेळली नाही. डोळ्याचं सगळ्या वस्तीला कळलं आणि एक ठरलेलं लग्न मोडलं. आता ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. घरी जाताना मैदानावरून जवळचा रस्ता आहे. ती त्या रस्त्यानं जात नाही, बाजारातून फिरून जाते.

गेल्या महिन्यात मला कॉलेजातून फोन आला. बोलणारा तरुण होता, फार अदबीनं बोलत होता. "मॅडम, हंगामाच्या सुरुवातीला माजी खेळाडूंचा मेळावा ठेवलाय. तुम्ही आयटीत एवढ्या वरच्या पदावर आहात, मुलींना प्रेरणा मिळेल. सरांचाही सत्कार आहे त्या दिवशी. त्यांनी घडवलेल्या खेळाडू म्हणून तुम्ही बोलावं अशी इच्छा आहे."

त्यांनी घडवलेल्या. मी फोन ठेवून मंगलकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "तिथं जाऊन सगळं सांगितलं तर तुला चालंल का? तुझं नाव घेऊन. डोळा, खांदा, सगळं."

तिनं ताट बाजूला ठेवलं. "माझं काय लपवायचं राहिलंय आता," ती म्हणाली. "त्यांचं राहिलंय."

"येशील माझ्याबरोबर?"

"येते की."

मी त्या मुलाला परत फोन केला. येते म्हणाले. सोबत एकजण असेल, तिची खुर्ची पुढच्या रांगेत ठेवा म्हणाले. तो आनंदला. म्हणाला, "मॅडम, कार्यक्रम भरगच्च आहे, पण तुमच्यासाठी पाच मिनिटं काढून ठेवतो."

मी म्हणाले, "काढून ठेवू नका. मला लागतील तेवढी मी घेईन."